गावाचं शहर झालं, तर मुलांच्या शाळेचं काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांतून आली आहेत. फोरसाइथ, कॉब आणि ग्विनेट या काउंट्यांत मराठी घरं दाटीनं आहेत, आणि त्यातला बराच भाग कुठल्याच शहरात मोडत नाही. पत्त्यावर कमिंग, सुवानी किंवा मॅरिएटा लिहिलेलं असतं, पण कारभार थेट काउंटीचा. अशा भागाचं स्वतंत्र शहर करावं का, ही चर्चा दर काही वर्षांनी उठते. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : आपलं शहर झालं की शाळाही आपल्या ताब्यात येतील. शाळा पाहूनच घर घेतलेल्या माणसाला हे वाक्य सहज पटतं. म्हणून उत्तरं थोडी तपशिलात देत आहोत.

प्रश्न : आम्ही दक्षिण फोरसाइथमध्ये राहतो. मुलगी लॅम्बर्ट हायस्कूलमध्ये आहे, धाकटा अजून मिडल स्कूलला आहे. आमच्या भागाचं शहर झालं तर शाळेचा झोन बदलेल का? शहर स्वतःचं स्कूल डिस्ट्रिक्ट काढू शकेल का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

जॉर्जियाच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुच्छेदात, पाचव्या भागाच्या पहिल्याच परिच्छेदात, यापुढे नवी स्वतंत्र शाळाव्यवस्था स्थापन करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. हे बंधन १९४५च्या घटनेत आलं आणि आजच्या १९८३च्या घटनेतही कायम आहे. त्याआधीपासून ज्या शहरांच्या स्वतःच्या शाळा होत्या, त्यांतल्या काही टिकून राहिल्या. त्यामुळे आज राज्यात १८० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, १५९ काउंट्यांचे आणि २१ शहरांचे. अटलांटा, डिकेटर, मॅरिएटा, ब्यूफर्ड, गेन्सव्हिल ही त्या २१ पैकी. नव्या शहराला या यादीत जागा नाही, मग ते कितीही मोठं आणि श्रीमंत असो.

याचा पडताळा तुमच्या शेजारच्या फुल्टन काउंटीत मिळतो. २००५ मध्ये सँडी स्प्रिंग्जच्या रहिवाशांनी ९४ टक्के मतांनी शहर केलं. २००६ मध्ये जॉन्स क्रीक आणि मिल्टन झाली, मग दक्षिणेकडची शहरं झाली. २०१७ मध्ये साउथ फुल्टनचा कारभार सुरू झाल्यावर त्या काउंटीत शहराबाहेर जवळजवळ जमीनच उरली नाही. तरीही जॉन्स क्रीकमधलं मूल आज फुल्टन काउंटीच्याच शाळेत जातं. मुख्याध्यापक कोण, कुठला विषय शिकवायचा, कुठली गल्ली कुठल्या शाळेला जोडायची, यात जॉन्स क्रीकच्या महापौरांना एक मतही नाही.

आपल्या मंडळींचा गोंधळ होण्याचं एक कारण महाराष्ट्रात आहे. तिकडे गाव महापालिकेत गेलं की जिल्हा परिषदेची शाळाही, उशिरा का होईना, महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाते. हद्द आणि शाळा एकाच दोरीला बांधलेल्या असतात. जॉर्जियात शाळेचा कारभार हे पूर्णपणे वेगळं सरकार आहे. त्याचं बोर्ड वेगळं निवडून येतं, कराचा दर ते स्वतः ठरवतं आणि हद्दही त्याची स्वतःची असते.

आता झोनविषयी, म्हणजे कुठलं घर कुठल्या शाळेला जोडलेलं आहे त्याविषयी. फोरसाइथमध्ये तो पाच सदस्यांचं स्कूल बोर्ड ठरवतं, आणि बदलतं ते नवी शाळा उघडली की. २०१८ मध्ये डेन्मार्क हायस्कूल सुरू झालं, २०२१ मध्ये ईस्ट फोरसाइथ सुरू झालं, तेव्हा रेषा हलल्या. धाकट्याची काळजी असेल तर शहराच्या नकाशापेक्षा बोर्डाच्या बांधकाम आराखड्यावर लक्ष ठेवा.

तुमच्याच भागात शॅरन स्प्रिंग्ज नावाच्या शहरासाठी मे २०१८ मध्ये मतदान झालं होतं. विधेयकात ५७.५ टक्क्यांची अट होती. होकार साधारण ५४ टक्के पडला, म्हणून साधं बहुमत असूनही शहर झालं नाही. झालं असतं तरी लॅम्बर्टचा झोन त्यामुळे जागचा हलला नसता.

घटना बदलता येईल का, असंही काहींनी विचारलं आहे. त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे १८० पैकी १२० आणि ५६ पैकी ३८. त्यानंतर राज्यभराच्या मतदानात बहुमत. डनवुडी २००८ मध्ये शहर झालं, आणि २०१३ मध्ये तिथल्या आमदारांनी नव्या शहरांना शाळा काढू देणारी दुरुस्ती मांडली. ती मतदारांपर्यंत पोचलीच नाही. ग्रामीण काउंट्यांतल्या आमदारांना त्यातून काही मिळत नाही आणि मोठ्या काउंट्यांचे स्कूल बोर्ड कडाडून विरोध करतात. नजीकच्या काळात हे होईल असं धरून कुणी घर घेऊ नये.

प्रश्न : शाळांशी संबंधच नसेल, तर कॉबमध्ये नव्या शहरावरच्या सभेला जाणारा प्रत्येक जण शाळांबद्दलच का बोलतो?

थेट संबंध नाही, पण आडून बराच आहे, आणि खरी चर्चा तिथेच व्हायला हवी.

पहिली वाट झोनिंगची. शहर झालं की जमीन कशासाठी वापरायची हा निर्णय काउंटी कमिशनकडून नगर परिषदेकडे येतो. मोकळ्या जागेवर तीनशे अपार्टमेंट की साठ घरं, यावर चार वर्षांनी प्राथमिक शाळेत किती मुलं येतील ते ठरतं. शाळांची गर्दी रोखण्यासाठी शहर हवं असं म्हणणाऱ्यांच्या मनात हेच असतं, आणि त्यात तथ्य आहे. पण दोन गोष्टी सभेत कुणी सांगत नाही. काउंटीनं आधीच मंजूर केलेलं झोनिंग नव्या शहराला तसंच स्वीकारावं लागतं. आणि शाळेचा झोन शहराच्या हद्दीपलीकडेही पसरलेला असतो. तुमच्या परिषदेनं बांधकाम अडवलं आणि हद्दीबाहेर काउंटीनं मंजूर केलं, तर ती मुलं तुमच्याच शाळेत येतात.

दुसरी गोष्ट इम्पॅक्ट फीची. ‘बिल्डरकडून शाळेसाठी पैसे घेऊ’ हे आश्वासन कुणी दिलं तर तिथेच थांबवा. जॉर्जियाच्या १९९०च्या इम्पॅक्ट फी कायद्यात रस्ते, पाणी, सांडपाणी, उद्यानं, ग्रंथालयं, पोलीस आणि अग्निशमन यांसाठी ही फी घेता येते. त्या यादीत शाळा नाहीत.

तिसरी बाजू करसवलतींची, आणि पालकांचं तिकडे लक्षच जात नाही. शहराला स्वतःचं डेव्हलपमेंट ऑथॉरिटी नेमता येतं. कंपनी आणायची असेल तर हे ऑथॉरिटी बाँड काढून मालमत्तेची मालकी काही वर्षं स्वतःकडे घेतं आणि कंपनीला मालमत्ता कर टप्प्याटप्प्यानं, सहसा दहाएक वर्षांत, पूर्ण लागू होतो. त्या काळात बुडणाऱ्या करातला मोठा वाटा शाळांचा असतो, कारण बिलातली सर्वांत मोठी ओळ त्यांचीच. यासाठी स्कूल बोर्डाची परवानगी लागत नाही. टॅक्स अलोकेशन डिस्ट्रिक्ट या दुसऱ्या योजनेत, म्हणजे एखाद्या भागातला वाढीव कर त्याच भागाच्या विकासाकडे वळवण्याच्या योजनेत, मात्र शाळेचा वाटा वळवायचा तर बोर्डाची संमती आवश्यक असते. नव्या शहराच्या उमेदवारांना विचारायला हा उत्तम प्रश्न आहे : ऑथॉरिटीवर स्कूल बोर्डाचा माणूस घ्याल का, आणि सवलत देण्याआधी शाळांचं किती नुकसान होईल तो आकडा जाहीर कराल का?

बाकी छोट्या गोष्टी आहेत. शाळेकडे जाणारा फुटपाथ, वळणाची लेन, मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणारा माणूस, शाळेसमोरचे वेगमोजणी कॅमेरे. रस्ते आणि पोलीस शहराकडे आले तर यांचा जाब विचारायला माणूस जवळ मिळतो. कॉब आणि ग्विनेटच्या शाळांचे स्वतःचे पोलीस आहेत, ते तसेच राहतात.

कॉबमधल्या ईस्ट कॉब, लॉस्ट माउंटन आणि व्हायनिंग्ज या नव्या शहरांच्या तिन्ही प्रस्तावांना २४ मे २०२२ रोजी मतदारांनी नकार दिला. ईस्ट कॉबमध्ये नकार सुमारे ७३ टक्के होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेबलटननं होकार दिला. शाळा चारही ठिकाणी काउंटीच्याच होत्या आणि निकालानंतरही काउंटीच्याच राहिल्या.

प्रश्न : कर किती वाढेल? समर्थक म्हणतात ‘शून्य’, विरोधक म्हणतात ‘दुप्पट’.

दोघांनाही बाजूला ठेवा आणि स्वतःचं बिल काढा.

जॉर्जियात घराच्या बाजारभावाच्या ४० टक्क्यांवर कर लागतो. मिल म्हणजे त्या रकमेच्या प्रत्येक हजार डॉलरमागे एक डॉलर. घर ६,००,००० डॉलरचं असेल तर करपात्र रक्कम २,४०,०००, म्हणजे एक मिल म्हणजे वर्षाला २४० डॉलर. होमस्टेड, म्हणजे स्वतः राहत असलेल्या घरावरची, सवलत त्यातून आणखी वजा होते, पण हिशेबाला हे पुरेसं आहे. शाळेचा दर समजा १८ मिल असेल तर ती ओळ ४,३२० डॉलरची. शहरानं अर्धा मिल लावला तर १२० डॉलर, तीन मिल लावले तर ७२०. शाळेची ओळ शहर झाल्यानं एका सेंटनंही बदलत नाही. बिलाचा मोठा भाग जिथल्या तिथे राहतो, म्हणून ‘दुप्पट’ हे खोटं आहे.

‘शून्य’ कधीकधी खरं असतं. ग्विनेटमधलं पीचट्री कॉर्नर्स २०१२ मध्ये सुरू झालं ते तीनच सेवा घेऊन : नियोजन आणि झोनिंग, नियमांची अंमलबजावणी आणि कचरा. राज्याच्या कायद्यात अकरा सेवांची यादी आहे, त्यांतल्या किमान तीन दिल्या की शहर म्हणून टिकता येतं. पीचट्री कॉर्नर्स मालमत्ता कर लावत नाही. ग्विनेटमधल्याच, मे २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मल्बरी शहराच्या सनदेतही (शहर स्थापन करणाऱ्या कायद्यातही) मालमत्ता कर न लावण्याची अट आहे. मग पैसे कुठून येतात? वीज, गॅस आणि केबल कंपन्यांच्या फ्रँचायझी फीमधून, विमा हप्त्यावरच्या करातून, व्यवसाय परवान्यांतून आणि मद्यावरच्या करातून. विमा कर तुम्ही आधीपासून भरताच, तो फक्त काउंटीऐवजी शहराला जातो. फ्रँचायझी फीचं तसं नाही. जॉर्जिया पॉवरच्या बिलात शहराच्या आतल्या ग्राहकाला ती बाहेरच्यापेक्षा जास्त लागते. म्हणजे मालमत्ता कर शून्य असला तरी विजेच्या बिलात थोडी वाढ दिसेल.

हिशेब चुकतो तो पुढे. तीन सेवांवर सुरू झालेलं शहर हळूहळू आणखी कामं अंगावर घेतं. पीचट्री कॉर्नर्सनं २०२३ मध्ये स्वतःचे मार्शल (कायदा राबवणारे अधिकारी) नेमले. म्हणून सनद वाचताना कराच्या दरापेक्षा एक वाक्य आधी शोधा : दराची कमाल मर्यादा किती, आणि ती ओलांडायला मतदारांची संमती लागते की नुसत्या परिषदेची?

प्रस्तावित शहराचा व्यवहार्यता अहवालही नीट वाचायला हवा. तो बहुतेकदा जॉर्जिया विद्यापीठाच्या कार्ल विन्सन इन्स्टिट्यूटकडून किंवा जॉर्जिया स्टेट विद्यापीठाकडून येतो. त्यात एका ठरावीक वर्षाचं उत्पन्न आणि तशाच आकाराच्या शहरांचा खर्च समोरासमोर मांडलेला असतो. ‘व्यवहार्य आहे’ याचा अर्थ उत्पन्न खर्चाला पुरेल, एवढाच. ते शहर चांगलं चालेल असा निर्वाळा त्यात नसतो. अहवालातला नकाशा आणि विधेयकातला नकाशा शेजारी शेजारी ठेवा. मधल्या काळात एखादा मॉल किंवा ऑफिसांचा पट्टा वगळला गेला असेल तर उत्पन्नाचा आकडा शिळा झालेला असतो. डिकॅब काउंटीत टकर आणि लाविस्टा हिल्स हे दोन प्रस्ताव नॉर्थलेक मॉलच्या परिसरासाठी वर्ष-दोन वर्षं भांडले ते याच कारणानं.

सुरुवातीच्या खर्चात एक दिलासा आहे. कायद्यानुसार नवं शहर काउंटीकडून उद्यानं एकरी १०० डॉलरनं आणि अग्निशमन केंद्र प्रत्येकी ५,००० डॉलरनं घेऊ शकतं. पण उद्यान स्वस्तात मिळालं तरी गवत कापण्याचा, दिव्यांचा आणि मैदानांच्या दुरुस्तीचा खर्च दर वर्षीचा. तो अहवालात धरला आहे का ते पाहा.

ज्येष्ठांची शाळा-करातली सवलत जाईल का, असं दोन वाचकांनी विचारलं आहे. जाणार नाही. कॉबमध्ये ती ६२व्या वर्षापासून आणि फोरसाइथमध्ये ६५व्या वर्षापासून मिळते आणि तिचा शहराशी संबंध नाही. मात्र घर त्या व्यक्तीच्या नावावर हवं, ती तिथे राहत असायला हवी आणि अर्ज १ एप्रिलपर्यंत जायला हवा.

प्रश्न : शहर झाल्यावर आमची एचओए बंद होईल का?

नाही. एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, हा घरमालकांमधला खासगी करार आहे. वर्गणी, कुंपणाचे नियम, पोहण्याचा तलाव, सगळं तसंच राहील. सबडिव्हिजनमधले रस्ते सार्वजनिक असतील तर खड्डा पडल्यावर फोन काउंटीऐवजी शहराला करावा लागेल, तोही शहरानं रस्ते घेतले असतील तरच.

प्रश्न : नवं शहर करण्यापेक्षा, ज्याच्या स्वतःच्या शाळा आहेत अशा शेजारच्या शहरात सामील झालो तर?

शाळा बदलण्यासाठी हद्दीचा उपयोग करायचा असेल तर कायद्यानं उरलेला रस्ता हाच आहे. जुन्या २१ शहरांची हद्द वाढली की सहसा त्यांच्या शाळांची हद्दही वाढते. तरी ‘सहसा’ हा शब्द लक्षात ठेवा. सामीलनाम्याच्या कायद्यात किंवा दोन डिस्ट्रिक्टमधल्या करारात वेगळी तरतूद असू शकते, म्हणून ते लेखी पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका.

मुख्य मार्ग तीन आहेत. सगळ्या मालकांनी सही केली तर शंभर टक्के पद्धत. नाहीतर साठ टक्के पद्धत, ज्यात त्या भागातले ६० टक्के नोंदलेले मतदार आणि ६० टक्के जमिनीचे मालक, दोन्ही लागतात. तिसरा मार्ग विधिमंडळाच्या स्थानिक कायद्याचा. पहिल्या दोन मार्गांत तुमचा भाग शहराला लागून असायला हवा, नुसतं जवळ असणं पुरत नाही. साठ टक्क्यांत घोळ होतो तो जमिनीच्या हिशेबात. चर्च, गोल्फ क्लब किंवा शॉपिंग सेंटरच्या एका मालकाकडे इतकी जमीन असते की शेकडो घरांच्या सह्या असूनही आकडा भरत नाही. सह्या गोळा करायला निघण्याआधी काउंटीच्या जीआयएस नकाशावरून मोठ्या भूखंडांची यादी करा आणि त्यांच्या मालकांना आधी भेटा.

शिवाय त्या शहराला तुम्ही हवे असायला हवेत. घरं आली की मुलं येतात, आणि दुकानं-ऑफिसं सोबत आली नाहीत तर शाळांचा खर्च भागत नाही. वर्गखोल्या भरलेल्या असतील तर परिषद विनम्रपणे नकार देते. आणि काउंटीची शाळेची इमारत तुमच्या भागात असली तरी ती आपोआप नव्या डिस्ट्रिक्टकडे जात नाही. मुलाला रोज समोर दिसणारी शाळा सोडून लांब जावं लागण्याची शक्यता खरी आहे.

ड्रूइड हिल्सचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. डिकॅब काउंटीतल्या या जुन्या वस्तीतल्या पालकांना शाळांच्या कारभाराची चिंता होती आणि तिला सबळ कारण होतं. डिसेंबर २०१२ मध्ये मानांकन देणाऱ्या संस्थेनं डिकॅबच्या स्कूल बोर्डाच्या कारभारावर ठपका ठेवून डिस्ट्रिक्टला प्रोबेशनवर टाकलं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये गव्हर्नरांनी नऊपैकी सहा बोर्ड सदस्यांना निलंबित केलं. ड्रूइड हिल्सच्या पालकांनी परिसरातल्या सात शाळांचा मिळून चार्टर क्लस्टर, म्हणजे बराचसा स्वतःचा कारभार असलेला शाळांचा गट, करायचा अर्ज दिला. नोव्हेंबर २०१३ मध्ये बोर्डानं तो ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. मग काहींनी अटलांटात सामील होण्याचा प्रयत्न केला, काहींनी लाविस्टा हिल्सच्या शहराकडे पाहिलं. वस्तीला विधिमंडळातून सामीलनाम्याचा कायदा मिळाला नाही. शेवटी १ जानेवारी २०१८ पासून एमरी विद्यापीठाचा परिसर अटलांटात गेला आणि वस्तीचा मोठा भाग डिकॅबमध्येच राहिला. पहिल्या प्रयत्नाच्या वेळी प्राथमिकला असलेली मुलं एव्हाना मिडल स्कूलला पोचली होती.

प्रश्न : मेम्फिसजवळ जर्मनटाउनमध्ये आमचे नातेवाईक आहेत. त्यांच्या शहरानं स्वतःच्या शाळा काढल्या. मग आम्हालाच मनाई का?

कारण राज्य वेगळं, कायदा वेगळा. मेम्फिस शहराच्या शाळांनी आपली सनद परत केल्यावर जुलै २०१३ मध्ये त्या शेल्बी काउंटीच्या शाळांत विलीन झाल्या. टेनेसीतही नव्या शहरी शाळांवर बंदी होती, ती विधिमंडळानं २०१३ मध्ये उठवली. जॉर्जियातली बंदी राज्यघटनेत आहे, टेनेसीतली साध्या कायद्यात होती, हा खरा फरक. ऑगस्ट २०१४ मध्ये सहा उपनगरांनी आपापली डिस्ट्रिक्ट उघडली : जर्मनटाउन, कॉलियरव्हिल, बार्टलेट, आर्लिंग्टन, लेकलँड आणि मिलिंग्टन. पण नातेवाईकांना एक विचारा. जर्मनटाउनच्या हद्दीतल्या, शहराचं नाव असलेल्या तीन शाळा तेव्हा काउंटीकडेच राहिल्या. त्यांत बाहेरची मुलं मोठ्या संख्येनं येत होती. शाळा मिळतात तेव्हा इमारतींवरची भांडणं सोबत येतात.

लुइझियानाचंही उदाहरण लोक देतात. बॅटन रूजजवळच्या सेंट जॉर्जच्या रहिवाशांना मुळात हवं होतं स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्ट. ते मिळेना म्हणून त्यांनी शहराची मोहीम सुरू केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये ५४ टक्क्यांनी कौल मिळाला, खटला चालला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये शहराला मान्यता दिली. म्हणजे कौल मिळाल्यावरही साडेचार वर्षं गेली, आणि शाळांसाठी तिथे घटनादुरुस्तीचं वेगळं मतदान लागतंच.

प्रश्न : आमच्या सबडिव्हिजनमध्ये निम्मे लोक एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहेत. आम्हाला मत नाही, मग या सगळ्यात आमचं स्थान काय?

मतदान फक्त प्रस्तावित हद्दीत राहणाऱ्या, नोंदणी केलेल्या नागरिकांचं. पण मतदानापर्यंत पोचण्याआधीचे सगळे टप्पे तुम्हाला खुले आहेत : नकाशावरच्या सभा, आमदारांना पत्र, समितीसमोर म्हणणं मांडणं, स्कूल बोर्डाच्या बैठकीतलं निवेदन. तिथे कुणी व्हिसा विचारत नाही. वेळेचा अंदाज मात्र चुकू देऊ नका. काही प्रस्तावांना विधिमंडळाची दोन वर्षं लागतात. मल्बरीच्या विधेयकावर मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सही झाली आणि मे महिन्यात मतदान झालं. मंजुरीनंतर महापौर आणि परिषदेची निवडणूक होते आणि सेवा काउंटीकडून शहराकडे यायला जास्तीत जास्त २४ महिन्यांचा संक्रमण काळ असतो.

नुकतंच नागरिकत्व मिळालेल्यांनी एक काम लगेच करावं. शपथ झाल्यावर ड्रायव्हर्स लायसन्सच्या कार्यालयात जाऊन नोंद बदलून घ्या. मतदार नोंदणी तिथल्या माहितीशी ताडून पाहिली जाते, आणि जुन्या नोंदीत तुम्ही परदेशी नागरिकच असता, त्यामुळे अर्ज अडकतो. नोंदणीची मुदत निवडणुकीआधीच्या पाचव्या सोमवारी संपते. लाविस्टा हिल्सचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१५ मध्ये १३६ मतांनी पडला होता, तेवढे मतदार दोन मोठ्या सबडिव्हिजनमध्ये सहज निघतात.

आपण शहरात राहतो की नाही, हेच नक्की माहीत नसलेले बरेच आहेत. टपालाचा पत्ता पाहू नका. मालमत्ता कराच्या बिलावर टॅक्स डिस्ट्रिक्टची नोंद असते, ती पाहा. तिथे शहराचं नाव नसेल तर तुम्ही शहराबाहेर आहात.

प्रश्न : शहर, सामीलनामा, सगळं बाजूला ठेवू. शाळेत गर्दी आहे, ट्रेलरमध्ये वर्ग भरतात. आम्ही नेमकं काय करावं?

शाळा बोर्डाच्या ताब्यात आहे, तेव्हा जोर बोर्डावरच लावावा.

आधी आकडे मिळवा. राज्यात ऑक्टोबर आणि मार्चमध्ये अधिकृत पटमोजणी होते. तुमच्या शाळेचा त्या दिवशीचा पट, इमारतीची क्षमता आणि परिसरातल्या ट्रेलरची संख्या, एवढे तीन आकडे पुरतात. संकेतस्थळावर मिळाले नाहीत तर ओपन रेकॉर्ड्स कायद्याखाली लेखी मागा. डिस्ट्रिक्टला तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि शोधण्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांचे पैसे लागत नाहीत. मागणी नेमकी हवी. ‘गर्दीविषयी सगळी कागदपत्रं’ असं लिहिलं तर शेकडो डॉलरचा अंदाजपत्रकी खर्च परत येतो.

मग पाच वर्षांचा स्थानिक सुविधा आराखडा पाहा. प्रत्येक डिस्ट्रिक्टला तो करावा लागतो. वाढीव खोल्यांच्या यादीत तुमची शाळा नसेल तर त्या आराखड्याच्या पुढच्या फेरीआधी तिचं नाव घालून घ्यायला हवं. बांधकामाचा बराचसा पैसा एका टक्क्याच्या शिक्षण विक्रीकरातून येतो. तो जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी असतो आणि नूतनीकरणासाठी मतदारांपुढे जातो. मतदानाआधीच कामांची यादी बनते. पालकांची खरी ताकद त्या काही महिन्यांत असते, कारण बोर्डाला तेव्हा तुमचं मत हवं असतं.

बैठकीत बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं आणि वेळ दोन-तीन मिनिटांचाच मिळतो. दहा पालकांनी एकच तक्रार दहा वेळा सांगण्यापेक्षा वाटून घ्या. एकानं पट आणि क्षमता सांगावी, दुसऱ्यानं जेवणाची पहिली पाळी किती वाजता सुरू होते ते, तिसऱ्यानं ट्रेलरपासून स्वच्छतागृह किती लांब आहे ते. बोर्ड सदस्यांच्या वहीत अशाच गोष्टी उतरतात.

निवडणुकीचं वेळापत्रकही वेगळं आहे. ग्विनेटच्या स्कूल बोर्डाची निवडणूक २०२२ पासून पक्षविरहित झाली आणि ती मे महिन्यात होते. फक्त नोव्हेंबरमध्ये मत देणाऱ्याची ती हुकते. कॉब आणि फोरसाइथमध्ये उमेदवार पक्षाचे असतात, आणि ज्या जागेवर एकाच पक्षाचा वरचष्मा आहे तिथे निकाल मेमधल्या प्राथमिक फेरीतच लागतो.

आणि एकट्या तुमच्या मुलाची सोय बघायची असेल, तर राज्याच्या २००९च्या कायद्यानं त्याच डिस्ट्रिक्टमधल्या, जागा शिल्लक असलेल्या दुसऱ्या शाळेत बदली मागता येते. कुठल्या शाळांत जागा आहे हे डिस्ट्रिक्टनं १ जुलैपर्यंत पालकांना कळवायचं असतं. अर्जाची खिडकी अनेक ठिकाणी त्याच्याही आधी उघडते आणि थोडेच दिवस चालते, म्हणून तारखा फेब्रुवारीपासूनच पाहायला लागा. बस मिळत नाही, मुलाला सोडणं-आणणं तुमच्याकडे. हायस्कूलचा विद्यार्थी खेळाडू असेल तर अर्ज भरण्याआधी प्रशिक्षकांना विचारा, कारण बदलीनंतर स्पर्धेत खेळण्याची पात्रता अडकू शकते.